बंदरावरचा बावटा

(उरवडे, ता. मुळशी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



डोंगरातल्या गावानं समुद्रावर बोलायला एका कोळ्याला बोलावलं, याचं काहींना नवल वाटलं असेल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना ओळखणाऱ्यांना ते वाटणार नाही. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे पोरांनी अंगावर घ्यावेत, म्हणून ते शाळेची सहल घेऊन ताम्हिणी उतरायचे आणि आमच्या रेवदंड्याला यायचे. पोरं वाळूत धावत सुटायची आणि गुरुजी होड्यांपाशी बसून आम्हाला प्रश्न विचारायचे. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा : "तुम्ही दर्यावर कधी जाता ते कळलं. जायचं नाही हे कधी ठरवता आणि कोण ठरवतं, ते सांगा." तेव्हा मी तरुण होतो, होडीवर खलाशी होतो, आणि काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेत असे. पुढे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, झालो, नंतर मच्छीमार सोसायटीचं काम पाहिलं. आज त्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यावं म्हणतो.

त्याआधी तुमचं-आमचं नातं सांगायला हवं. उरवड्यात पडलेला पाऊस पुण्याकडे वाहतो आणि मुळा-मुठा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळतो. पण तुमच्याच तालुक्यात, मुळशीच्या धरणात पडलेला पाऊस उलट्या वाटेनं जातो. तो सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात सोडलेला आहे. भिऱ्याच्या वीजघरात १९२७ सालापासून त्यावर वीज तयार होते आणि तिथून सुटलेलं पाणी कुंडलिका नदीत येतं. कोलाडला शहरातली मंडळी ज्या पाण्यात रबरी होड्या घालून आरडाओरडा करतात, ते हेच पाणी. पुढे ही कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याला येते आणि कोरलईच्या किल्ल्यासमोर समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी आम्ही जाळी टाकतो. म्हणजे मुळशीचा पाऊस माझ्या होडीखालून गेलेला आहे.

आमची देवी एकवीरा. ती बसली आहे कार्ल्याच्या डोंगरात, तुमच्या शेजारच्या मावळात. चैत्रात आमच्या पालख्या घाट चढून तिच्या पायाशी येतात. दर्यावर पोट भरणाऱ्यांची देवी डोंगरात कशी, असं लोक विचारतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. आणि आमची सुकी मासळीही तोच घाट चढते. आगोटीच्या आधी घाटावरच्या आठवडे बाजारात सुकट, जवळा, बोंबील घेऊन बसलेल्या बाया तुम्ही लहानपणापासून पाहिल्या असतील. आवणीच्या दिवसांत भाताच्या खाचरात कमरेतून वाकून काम करणाऱ्या माणसाला भाकरीबरोबर भाजलेला बोंबील मिळाला तर आणखी काय हवं!

आता मुद्द्यावर येतो. कोळी म्हटला की लोकांना धाडस आठवतं. लाटांशी झुंज, वादळाशी टक्कर, सिनेमातली गाणी. खरं सांगायचं तर दर्यावर म्हातारा झालेला कोळी धाडसी नसतो. जो धाडसी होता तो म्हातारा झालाच नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत एखाद्या तांडेलाबद्दल चांगलं बोलायचं झालं, तर "लई डेरिंगबाज" असं कुणी म्हणत नसे. म्हणत, "त्याच्या होडीवर पोराला पाठवायला हरकत नाय." ही आमच्याकडची सगळ्यात मोठी पदवी. दर्या माणसाला शूर करत असेल-नसेल, तो हिशेबी मात्र करतो.

हा हिशेब सुरू होतो वेळेपासून. पूर्वी होडीवर घड्याळ नसायचं, पण तिथी सगळ्यांना पाठ असायची. तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण व्हायची वेळ हाती येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमी असेल तर सहाच्या. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. दर दिवशी भरती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हे गणित चालतं. आज मोबाइलवर मिनिटामिनिटाचं कोष्टक मिळतं, तरी आमच्याकडचे जुने लोक आधी बोटांवर तिथी मोजतात आणि मग मोबाइल बघतात.

पौर्णिमा-अमावास्येच्या बाजूला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या बाजूला पाण्याला जोर नसतो, तो भांग. आमचं डोल जाळं या पाण्याच्या जोरावरच चालतं. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. रुंद तोंड, मागे निमुळतं होत गेलेलं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधायचं, तोंड येणाऱ्या पाण्याकडे करायचं. होडीनं मासळीच्या मागे धावायचं नाही. पाणी वाहतं, त्याच्याबरोबर बोंबील, जवळा, कोळंबी वाहत येते आणि पिशवीच्या टोकाशी साठते. पण पाणी फिरायच्या आत जाळं उचललं पाहिजे. भरती संपून ओहोटी लागायच्या मधला थोडा वेळ पाणी उभं राहतं, तेवढाच वेळ तुमचा. तो गेला की पाणी उलटं वाहू लागतं, जाळं मुरगळतं आणि आलेली मासळीही जाते. त्या वेळेला कुणाची झोप, कुणाचा ताप, कुणाच्या घरचं लग्न, काही चालत नाही. मध्यरात्री असेल तर मध्यरात्री. आणि भांगाला होडी काढून काही उपयोग नाही, हेही तितकंच पक्कं. त्या दिवसांत जाळी शिवायची, दोर बदलायचे, होडीला तेल द्यायचं. कामाच्या वेळी काम आणि थांबायच्या वेळी थांबणं, दोन्ही तिथी ठरवणार. आपल्या मनाला येईल तेव्हा जोर लावला की काम होतं, हा समज दर्यावर चार दिवसांत उतरतो.

वाऱ्याचंही तसंच. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटे जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा मतलई वारा धरून बाहेर पडायचं आणि दुपारनंतर खारा वारा सुटला की त्याच्यावर घरी यायचं. इंजिन आलं तसा वाऱ्याचा हा धाक संपला. होडी कधीही जाऊ लागली, कितीही लांब जाऊ लागली. याचा फायदा झाला, यात शंका नाही. मासळी वाढली, पक्की घरं झाली, पोरं शिकली. पण वारा परत बोलवायचा, तसं इंजिन बोलवत नाही. डिझेल असेपर्यंत ते "चल पुढे" एवढंच म्हणतं. तेव्हापासून परत कधी फिरायचं हे माणसाला स्वतःलाच ठरवावं लागतं, आणि सगळी गडबड तिथं सुरू होते.

आता बावट्याचं सांगतो. बंदरावर एक उंच काठी असते. हवामान खात्याकडून इशारा आला की तिच्यावर खूण चढते. दिवसा वेगळी, रात्री दिव्यांची वेगळी. "तीन नंबरचा बावटा लागला" असं तुम्ही पेपरात वाचलं असेल. हे आकडे एकपासून अकरापर्यंत जातात. एक आणि दोन म्हणजे लांब समुद्रात काहीतरी शिजतंय. तीन म्हणजे ते आपल्या बंदरापर्यंत यायची शक्यता आहे, सावध राहा. बावटा म्हणजे सूचना. होडी काढायची की नाही, हे बावटा ठरवत नाही. ते माणूस ठरवतो. कोणता माणूस, हा गुरुजींचा प्रश्न होता.

आमच्या जुन्या पद्धतीत तो माणूस म्हणजे तांडेल. तांडेल बहुतेक वेळा होडीचा मालक असे, नाहीतर मालकाचा भाऊ किंवा चुलता. होडी परत आली की आधी खर्च वजा व्हायचा, मग उरलेल्याचे वाटे पडायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. तांडेलाला खलाशापेक्षा जास्त मिळायचं, पण मासळी नाही मिळाली तर त्याच्याही हातात काही नाही. आणि होडी बुडाली तर तोही बुडणार. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "चला" म्हणणारा माणूस त्याच होडीत बसलेला असायचा, शेजारी त्याचा मुलगा किंवा पुतण्या. असा माणूस "चला" म्हणताना दहा वेळा आभाळाकडे बघतो.

त्यात घरच्या बाईचाही शब्द असायचा. आमची आई कधी होडीवर चढली नाही. पण मासळी विकायची ती, पैसा ठेवायची ती, व्यापाऱ्याची उचल फेडायची तीच. त्यामुळे घरात किती आहे आणि आणखी किती दिवस ओढता येईल, हे तिला वडिलांपेक्षा जास्त माहीत असायचं. ती बोंबील सुकवायला बसली की बघण्यासारखं असे. ताजा बोंबील नुसता पाण्यानं भरलेला, हातातून निसटणारा. ती एकाचा जबडा उघडून त्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायची आणि ती जोडी वलांडीच्या, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. एकाचे दात दुसऱ्याला धरून ठेवतात, वारा कितीही सुटला तरी जोडी पडत नाही. दोरीमागून दोरी भरत जायची आणि ती न बघता बोलत राहायची. आभाळ भरून आलं असलं आणि वडील होडीची तयारी करत असले की तिथूनच म्हणायची, "आजचं ऱ्हाऊ द्या. घरात पंधरा दिवसांचं हाय." वडील कुरकुरायचे आणि राहायचे. थांबायला नुसती अक्कल पुरत नाही, घरात पंधरा दिवसांचं असावं लागतं, हे मी तिच्याकडून शिकलो. ज्याच्या घरात उद्याचं नाही, त्याला बावटा दिसत असूनही दर्यावर जावं लागतं. त्याला बेपर्वा म्हणणाऱ्यानं आधी त्याच्या घरातला डबा उघडून बघावा.

आता काही प्रसंग सांगतो. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गटारी अमावास्या होती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रामदास नावाची आगबोट रेवसला निघाली. बोटीत गिरणीत काम करणारे, बाजार करून गावी निघालेले, आमच्या अलिबाग तालुक्यातले कितीतरी लोक. भर पावसाळ्यातला दर्या. काशाच्या खडकाजवळ बोट कलली आणि उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या भागात आजही अशी घरं आहेत, जिथं त्या दिवसाचं नाव काढत नाहीत. त्या दिवशी रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांना पाण्यात माणसं दिसली. त्यांनी हातातली मासळी समुद्रात टाकली आणि होडीत माणसं भरली. त्या मासळीवर कुणाचं तरी कर्ज असणार, कुणाच्या तरी घरचा महिना असणार. तरी तिथं कुणी विचार करत बसलं नाही. दर्यावर बुडणाऱ्याला गाव, जात, पक्ष विचारायचा नसतो, हा नियम कुठं लिहिलेला नाही आणि मोडलेला मी पाहिला नाही. पण बोटीतल्या त्या शेकडो प्रवाशांना बोट निघावी की नाही, हे विचारलं कुणी? तिकीट काढलं की त्यांचा शब्द संपला.

दुसरा प्रसंग ११ नोव्हेंबर २००९ चा, फयान वादळाचा. ऐन हंगाम, होड्या बाहेर. वादळ दक्षिणेकडून किनाऱ्यालगत वर आलं आणि अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढलं. कोकणातल्या कित्येक होड्या आणि त्यांच्यावरची माणसं परतली नाहीत. त्या वर्षानंतर किनाऱ्यावर वायरलेसला आणि इशाऱ्याला लोक जास्त मानू लागले. माणूस असा ऐकायला शिकतो, दुर्दैवानं.

तिसरा प्रसंग तुम्हीही भोगलेला आहे. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. दिवेआगर-श्रीवर्धनकडून वर आलं, आमच्या सुपाऱ्या आणि नारळी आडव्या केल्या आणि घाट चढून मावळ-मुळशीत आलं. तुमच्याकडेही पत्रे उडाले. पण आमच्याकडे त्या दिवशी मासेमारीच्या होड्या समुद्रात नव्हत्या.

आता पुढचं वर्ष. मे २०२१, तौक्ते वादळ. इशारे बरेच दिवस आधी आले होते. मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा बार्ज मात्र कामगारांना घेऊन तिथंच थांबला होता. त्यावर २६१ माणसं होती. वादळात त्याचे नांगर तुटले आणि १७ मे रोजी तो बुडाला. नौदलानं आणि तटरक्षक दलानं खवळलेल्या समुद्रात उतरून बहुतेकांना वाचवलं, तरी ७० हून जास्त जीव गेले. थांबायचा निर्णय कुणाचा, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली, गुन्हे दाखल झाले. मी कायद्याचा माणूस नाही. मला एवढंच दिसतं की बार्जवर जे कामगार होते त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि ते स्वतःहून परतही येऊ शकत नव्हते. साधी होडी असती तर तांडेलानं आभाळ बघून सुकाणू फिरवलं असतं. मोठ्या कामात ठरवणारा किनाऱ्यावर असतो आणि भोगणारा पाण्यात.

हे सांगताना आमच्या किनाऱ्याचे मी गोडवे गाणार नाही. आमच्याकडेही हेच होऊ लागलं आहे. आता मोठ्या ट्रॉलरचा मालक घरी असतो. होडीवर तांडेल पगारी, खलाशी नेपाळचे, उत्तर प्रदेशचे, झारखंडचे. मासळी कमी लागली की मालक वायरलेसवर सांगतो, "आणखी दोन दिवस थांब, डिझेलचे पैसे तरी निघू देत." तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर बँकेचं कर्ज आहे. पण तो होडीत नाही. आभाळ त्याच्या डोक्यावरही आहे, पण त्याच्या आभाळाला घराचं छप्पर आहे.

मासळीच्या बाबतीतही दुखणं हेच. पूर्वी नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय कुणी होडी काढत नसे. दर्याला सोन्याच्या कागदात गुंडाळलेला नारळ अर्पण करायचा आणि मग हंगाम सुरू. २०२३ साली अधिक श्रावण आला. नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला गेली. मासळीच्या विणीसाठी १ जूनपासून असलेली यांत्रिक होड्यांवरची बंदी मात्र ३१ जुलैला संपली होती आणि १ ऑगस्टला इंजिनं सुरू झाली. नारळ महिनाभर मागून गेला. मग काही लोक एलईडी दिवे घेऊन रात्री मासळी ओढू लागले. केंद्र सरकारनं २०१७ साली त्यावर बंदी घातली, तरी अंधारात अजून उजेड दिसतो. पर्ससीन जाळ्यांवर राज्यानं २०१६ साली निर्बंध आणले. पापलेट २०२३ साली राज्य मासा झाला, त्याच वर्षी मासळीच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला गेला. नियम बरेच झाले. पण बोटभर पापलेट आज पकडणारा पाच वर्षांनी मोकळं जाळं ओढणाऱ्याच्या जागी बसलेला नसतो, निदान तसं त्याला वाटतं. नियम मोडणारा नेहमी आपण दुसऱ्या होडीत आहोत असं समजूनच मोडतो.

ठरवणारा एकीकडे आणि भोगणारा दुसरीकडे, ही गोष्ट तुमच्या तालुक्याला नवी नाही. मघाशी मी मुळशीच्या धरणाचं पाणी आमच्या खाडीत येतं म्हणालो. ते पाणी अडवायचं ठरलं तेव्हा ठरवणारे मुंबईत होते आणि ज्यांची घरं, शेतं, देवळं पाण्याखाली जाणार होती ते इथं होते. १९२१ साली रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. पुढं सेनापती बापटांनी ती लढाई अंगावर घेतली आणि त्यासाठी तुरुंग भोगला. धरण व्हायचं ते झालंच. पण ज्याचं बुडणार त्याला विचारा, हा त्या लोकांचा मुद्दा शंभर वर्षांनी आजही खोटा ठरलेला नाही.

इतिहासातलं एक उदाहरण देतो, कारण ते आम्हा कोळ्यांचं अभिमानाचं आहे आणि त्यातला खरा अर्थ फार लोक घेत नाहीत. जंजिऱ्याचा सिद्दी शिवाजी महाराजांना दाद देत नव्हता. साधारण १६७६ च्या सुमाराची गोष्ट. मोरोपंत पिंगळ्यांनी बेत आखला की रात्रीच्या अंधारात किल्ल्याच्या तटाला शिड्या लावायच्या आणि त्यावरून सैन्य आत घुसवायचं. शिड्या लावायचं काम घेतलं लायपाटील नावाच्या कोळ्यानं. परंपरा सांगते की तो थोड्या माणसांनिशी होडी घेऊन गेला, सिद्दीच्या पहाऱ्याखाली शिड्या लावल्या आणि वाट पाहत राहिला. सैन्य वेळेवर आलं नाही. उजाडायला लागलं. तेव्हा लायपाटलानं शिड्या काढल्या, माणसं होडीत घेतली आणि परत आला. जंजिरा मिळाला नाही. तरी महाराजांनी त्याला बोलावून पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, आम्ही दर्यावरचे लोक, पालखी घेऊन काय करू? मग महाराजांनी 'पालखी' नावाचं गलबतच त्याला दिलं, असं सांगतात.

आपण यातलं शिड्यांचं धाडस सांगतो आणि पालखीचा विनोद सांगतो. मला मोठा वाटतो तो पहाटेचा क्षण. मागून येणारं सैन्य आलं नाही, आता एकट्यानं तटावर चढलो तर मरण नक्की आणि फायदा शून्य, हे ओळखून आपल्या माणसांना जिवंत घेऊन परतणं. आणि त्याहून मोठे महाराज, ज्यांनी हात हलवत परत आलेल्या माणसाचा सत्कार केला. परत येणाऱ्याला मान देणारा धनी असेल, तरच माणूस वेळेवर परत फिरतो. आज किती धनी असे आहेत?

आता मी तुमच्या गावाकडे येतो. पी-३०५ बार्ज १७ मे २०२१ ला बुडाला. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, ७ जून २०२१ ला, या उरवड्यात रसायनाच्या कारखान्याला आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार गेले. त्यात बहुतेक बाया होत्या, आसपासच्या गावांतल्या. त्या दिवशी काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, पाहुण्यानं ते तुम्हाला सांगायचं नसतं. मी रेवदंड्यात बसून टीव्हीवर ती बातमी पाहिली, तेव्हा दोन्ही बातम्या मला एकच वाटल्या. एक पाण्यातली, एक आगीतली. दोन्हीकडे काम करणाऱ्याला दार कुठं आहे, कधी पळायचं, कुणाला विचारून पळायचं, हे ठरवायची मुभा नव्हती. आणि रोजाचा खाडा झाला तर घरात पंधरा दिवसांचं नाही, म्हणून कामावर यावंच लागणारी माणसं दोन्हीकडे होती.

समुद्रानं मला काय शिकवलं, असं विचारलंत तर एवढंच सांगेन. संकट येणारच, ते कुणी थांबवू शकत नाही. त्यातून वाचवतात तीन गोष्टी. एक, वेळेवर लागलेला आणि सगळ्यांना दिसणारा बावटा. दोन, बावटा बघून थांबलेल्या माणसाच्या घरी चूल पेटेल एवढी सोय. आणि तीन, ज्यांनी "चला" म्हणायचं त्यांनी स्वतः त्या होडीत बसणं. यातली एक जरी निघाली, तरी बाकीच्या दोन उपयोगाच्या राहत नाहीत. किनाऱ्यावर या तीन गोष्टी आमच्या आजोबा-पणजोबांनी माणसं गमावून, शंभर वर्षं मोजमाप करून बसवल्या. तुमच्या डोंगरात कारखाने येऊन एक पिढीच झाली आहे. तुम्हाला शंभर वर्षं थांबायची गरज नाही.

म्हणून जाता जाता गुरुजींच्या नावानं तुम्हाला एक विनंती करतो. इथं सरपंच बसले आहेत, सदस्य आहेत, कारखान्यांत काम करणाऱ्या भगिनी आहेत, काही मालकही असतील. या वर्षीच्या ग्रामसभेत एक ठराव करा. दर वर्षी ७ जूनला, पहिली पाळी सुरू होण्याआधी, या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांनी आतून दार उघडून बाहेर पडून दाखवायचं. दार अडलं, कुलूप सापडलं, माल आडवा आला, तर त्या दिवशी ती पाळी बंद आणि कामगारांचा रोज पूर्ण द्यायचा. आणि त्या वेळी मालकानं किंवा मॅनेजरनं बाहेर घड्याळ घेऊन उभं राहायचं नाही. त्यानं आत, सगळ्यात लांबच्या टेबलापाशी, कामगारांच्या शेजारी उभं राहायचं आणि त्यांच्याबरोबर बाहेर यायचं.